पांडव, राक्षस, हेमाडपंत: जुन्या भिंतींचे मानलेले कर्ते

बीड जिल्ह्यात एखादी जुनी दगडी भिंत, पडके देऊळ किंवा डोंगरातले लेणे कोणी उभारले असे विचारले, तर उत्तरात बहुधा चार नावे येतात: पांडव, राक्षस, गवळी राजा आणि हेमाडपंत. अलीकडे मोबाईलवरच्या चित्रफितींनी यात परग्रहावरच्या पाहुण्यांची भर घातली आहे. अंबाजोगाईची लेणी आणि यादवकालीन देवळे, बीड शहरातले कंकालेश्वर, धर्मापुरीचे केदारेश्वर, बालाघाटाच्या कड्यावरचा धारूरचा किल्ला या सगळ्यांभोवती अशी उत्तरे जमा झालेली आहेत. ती सगळीच टाकाऊ नाहीत. काहींमध्ये खऱ्या इतिहासाचा धागा आहे आणि काही पूर्ण चुकीची आहेत. कोणती कोणत्या प्रकारची, हे मात्र ऐकताक्षणी ओळखता येत नाही.

या सर्वांत प्रतिष्ठित नाव हेमाडपंताचे. चुना न वापरता घडीव दगडांत बांधलेले कोणतेही देऊळ महाराष्ट्रात ‘हेमाडपंती’ ठरते. कित्येक गावांतल्या बारवा आणि वाड्यांची जोतीसुद्धा याच खात्यावर जमा होतात. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत ही खरी व्यक्ती होती. देवगिरीचे यादव राजे महादेव (१२६० ते १२७१) आणि रामचंद्र (१२७१ ते १३११) यांच्या दरबारात तो श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य अधिकारी होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे आणि त्यातल्या व्रतखंडाच्या प्रशस्तीतून यादवांची वंशावळ मिळते. मोडी लिपी त्याने सुरू केली, बाजरीचे पीक त्याने आणले, अशाही गोष्टी सांगितल्या जातात. एवढा कर्तबगार माणूस देवळे बांधणाराही असेल, असे लोकांना वाटले तर त्यात नवल नाही.

पण लोककथा इथेच थांबत नाही. तिच्यानुसार हेमाडपंत वैद्य होता. लंकेचा राजा बिभीषण आजारी पडला, तेव्हा त्याने त्याला बरे केले आणि मोबदल्यात राक्षस मजूर मागून घेतले. त्या राक्षसांनी एकेका रात्रीत देवळे उभी केली. कोंबडा आरवला की ते काम टाकून जात, म्हणून कित्येक देवळे अर्धवट राहिली. कथेचा हा शेवट लक्ष देण्यासारखा आहे, कारण तो एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मराठवाड्यात शिखर नसलेली किंवा खांबांवरची नक्षी मध्येच थांबलेली देवळे पुष्कळ आहेत. त्यामागे आश्रयदात्याचा मृत्यू, आटलेला पैसा, युद्ध अशी कारणे असू शकतात. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर धाड घातली आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. बांधकामे का थांबली असतील, याला एवढे पुरे आहे. शिवाय ज्या देवळांची चढलेली शिखरे पुढच्या शतकांत ढासळली, तीही आज अपुरीच दिसतात.

हेमाडपंताच्या दाव्याची तपासणी बीड जिल्ह्यातच होऊ शकते. अंबाजोगाईत, म्हणजे पूर्वीच्या आंबे नगरीत, खोलेश्वर नावाच्या सेनापतीचे शिलालेख आहेत. मुद्गल गोत्राचा हा ब्राह्मण यादव राजा सिंघण (१२१० ते १२४७) याच्या पदरी होता आणि त्याने अनेक मोहिमा लढल्या. त्यातला एक लेख शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ चा. दुसरा शके ११६२ चा, म्हणजे १२४० चा. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदेकाठी लढताना मारला गेला, हे दुसऱ्या लेखावरून कळते. त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ देऊळ बांधले. हेमाडपंताचा धनी महादेव गादीवर येण्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तरीही अंबाजोगाईची ही बांधकामे सर्रास हेमाडपंती म्हणून दाखवली जातात आणि लक्ष्मीचे नाव गावाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. बांधणारीचे नाव आणि बांधण्याचे कारण, दोन्ही दगडात कोरलेले असूनही श्रेय दुसऱ्याकडे गेले.

महाराष्ट्रभर पाहिले तर हा फरक आणखी वाढतो. ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलाहार राजा माम्वाणी याचा लेख आहे. हे देऊळ हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीचे ठरते आणि तरी ‘हेमाडपंती’ शैलीचा नमुना म्हणून त्याचेच नाव आधी घेतले जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सर्वेक्षकांनी लोकांच्या तोंडचे हे नाव उचलले आणि शैलीचे लेबल म्हणून वापरले. त्यामुळे त्याला छापील वजन आले. हेन्री कझिन्स यांचे दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. तोवर काळाचा हा घोळ अभ्यासकांना पुरता माहीत झाला होता. नाव मात्र टिकले, आणि आता ते व्यक्तीपेक्षा बांधणीचा प्रकार सांगते असे मानून वापरण्यावाचून इलाज नाही.

ही बांधणी समजून घेतली की राक्षसांची गरज उरत नाही. दख्खनचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्याचे थर जागोजाग उघडे पडलेले असतात, त्यामुळे खाण बहुधा बांधकामाच्या जवळच सापडते. दगडात ओळीने छिद्रे पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या आणि सरळ रेषेत चिरा फोडून काढायचा, ही पद्धत जुनी आहे. फोडलेल्या दगडावर अशा छिद्रांच्या अर्ध्या खोबणी आजही ओळखू येतात. चिरे घासून एकमेकांवर इतके तंतोतंत बसवले जात की सांध्यात चुन्याची गरज पडत नसे. आवश्यक तिथे एका दगडाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत अडकवली जाई. भिंत बाहेरून अखंड दिसली तरी बहुधा ती दोन पदरांची असते आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व भर घातलेली असते. छतासाठी कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून मधली मोकळी जागा थराथराने कमी करत नेतात आणि शेवटी एका दगडाने ती झाकतात. सगळा डोलारा स्वतःच्या वजनावर उभा राहतो. जोवर झाडाची मुळे सांध्यात शिरत नाहीत किंवा पाया खचत नाही, तोवर त्याला धोका नसतो.

बीड शहरातले कंकालेश्वर या प्रकारचे सुंदर उदाहरण आहे. देऊळ कुंडाच्या मधोमध उभे आहे, त्याचा तलविन्यास तारकाकृती कोनांचा आहे आणि बाहेरच्या भिंतींवर शस्त्रधारी स्त्रियांची शिल्पे आहेत. ते कोणी बांधले हे सांगणारा निर्णायक लेख नसल्याने अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण ते कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ठेवतात, काही यादवांच्या. शहराच्या चंपावती या जुन्या नावाला विक्रमादित्याच्या बहिणीची कथा जोडलेली आहे. जटायू इथेच पडला असे सांगून जटाशंकराचे देऊळ रामायणाला जोडले जाते. ज्या गावाला लेखी इतिहास अपुरा पडतो, त्याला पुराण उदार हाताने पुरवठा करते.

अंबाजोगाईच्या लेण्यांबद्दलची कथा या सर्वांत चतुर आहे. गावालगत खडकात खोदलेले विस्तीर्ण शैव लेणे आहे. प्रशस्त अंगण, खांबांचा मंडप, नंदी आणि मोठे दगडी हत्ती, म्हणून लोक त्याला हत्तीखाना किंवा जोगाईचा मंडप म्हणतात. कथा अशी की परळीच्या वैजनाथाशी अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचे लग्न ठरले होते. वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि सगळे वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले. हत्ती वरातीतले आणि मंडप लग्नाचा. देवी कुमारिकाच राहिली. या एका गोष्टीत कितीतरी प्रश्न मिटतात: दगडी हत्ती का आहेत, खांबांचा मंडप का आहे, कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता इतक्या दूर बालाघाटावर का आहे, आणि परळी व अंबाजोगाई ही पंचवीसएक किलोमीटरवरची दोन क्षेत्रे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत. लेणे खोदणाऱ्याचे नाव कथेत नाही, कारण कथेच्या दृष्टीने ते कोणी खोदलेलेच नाही.

पांडवांचे नाव जिथे येते तिथे बहुधा वनवासाचा आधार असतो. बारा वर्षे रानोमाळ हिंडणाऱ्या पाच भावांना राहायला जागा हवीच, मग डोंगरातल्या रिकाम्या खोल्या त्यांच्या ठरतात. नाशिकजवळच्या लेण्यांना याच तर्काने पांडवलेणी म्हणतात. ब्राह्मी लिपी वाचता येऊ लागल्यावर (जेम्स प्रिन्सेप यांनी ती १८३७ च्या सुमारास उलगडली) तिथल्या लेखांतून सातवाहन राजे, क्षत्रप नहपान आणि त्याचा जावई उषवदात यांची नावे पुढे आली. लेणी बौद्ध भिक्षूंसाठी होती आणि दानाचा तपशील भिंतीवरच लिहिलेला होता. लोक तो रोज पाहत होते, फक्त लिपी विसरली गेली होती. बिहारमध्ये राजगीरच्या डोंगरांवरून जाणाऱ्या सुमारे चाळीस किलोमीटरच्या दगडी तटालाही अशीच महाभारतातली सावली मिळाली आहे, जरासंधाची.

गवळी राजाची कथा थोडी वेगळी. विदर्भ आणि मराठवाड्यात जुने किल्ले, तळी व देवळे गवळी राजांनी बांधल्याचे सांगतात. ही कथा वरवर भाबडी वाटते. पण यादव स्वतःला कृष्णाच्या वंशातले म्हणवीत, आणि कृष्ण गवळ्यांचा. राजवंशाचे नाव विसरले गेले तरी त्याने सांगितलेली कुळी लोकांच्या आठवणीत राहिली, असे मानायला जागा आहे. म्हणजे शिकलेल्यांच्या तोंडच्या ‘हेमाडपंती’पेक्षा गुराख्याच्या तोंडचा ‘गवळी राजा’ कधी कधी सत्याच्या अधिक जवळ असतो.

किल्ल्यांच्या तटाबाबत ‘कोणी’पेक्षा ‘कशासाठी’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. धारूरचा किल्ला राष्ट्रकूटकालीन महादुर्ग असल्याचे सांगतात. आजचा तट, बुरूज आणि कमानी मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या राजकारणाशी जोडलेल्या आहेत. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगरचा पाडाव केला आणि लगेच ते पुन्हा आपापसांत भिडले. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास धारूरला किल्ला उभारला. जागा निजामशाहीच्या तोंडावरची होती. आसपासच्या मुलखाचा सारा वसूल करायचा आणि अहमदनगरच्या पोटात पाचर मारून बसायचे, हा हेतू होता. तीन बाजूंना बालाघाटाची खोल दरी असल्याने मेहनत मुख्यतः जमिनीच्या बाजूला करावी लागली. मुर्तजा निजामशहाने हे सहन केले नाही. तो चालून आला, वेढ्यात किश्वरखान बाण लागून पडला आणि किल्ला निजामशाहीत गेला. फिरिश्ता या इतिहासकाराने हा प्रसंग नोंदवला आहे. पुढे गावाला फतेहाबाद हे नाव मिळाले. १६३१ मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ असताना, मोगल सरदार आझमखानाने किल्ला घेतला. इतक्या स्पष्ट कारणासाठी बांधलेला तटसुद्धा गुप्तधनाच्या समजुतीतून सुटत नाही. जाड भिंत म्हणजे आत काहीतरी दडवलेले, या हिशेबाने राज्यभर कित्येक जुन्या वास्तू उकरल्या गेल्या आहेत. देवळांच्या गाभाऱ्यातल्या फरश्या आणि वीरगळांखालची जमीनही त्यातून वाचलेली नाही.

खजिन्याचा विषय निघाला की बीडची खजाना विहीर आठवते. शहराच्या दक्षिणेला असलेली ही विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधवली. बांधणारा कारागीर म्हणून परंपरा राजा भास्कराचे नाव सांगते. विहिरीत तीन भुयारे आहेत आणि भुयार म्हटले की लोकांना पळवाट सुचते: घोडेस्वार जाईल एवढी, थेट अमुक किल्ल्यापर्यंत. प्रत्यक्षात दोन भुयारांतून भूजल विहिरीत येते आणि तिसऱ्यातून ते जमिनीच्या उताराने शेताकडे जाते. मोट नाही, बैल नाही. इराणपासून दख्खनपर्यंत पसरलेल्या भुयारी जलवाहिन्यांच्या तंत्राचे हे स्थानिक रूप आहे. दुष्काळी जिल्ह्यात आटत नाही अशी ख्याती मिळवणाऱ्या विहिरीला पळवाटेच्या कथेची खरे तर गरज नव्हती.

याच सलाबतखानाची कबर अहमदनगरजवळच्या (आजचे अहिल्यानगर) डोंगरावर आहे. अष्टकोनी, उंच, मैलोन्‌मैल दिसणारी ही इमारत लोक चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवला, ती घराघरांत पोहोचली. सलाबतखान नळ, बागा आणि विहिरी बांधून गेला, तो कारभाराच्या नोंदींत राहिला. हेमाडपंत आणि लक्ष्मी यांच्या बाबतीत घडले तेच इथे वेगळ्या माणसांबरोबर घडले. ज्याची गोष्ट सांगण्यासारखी असते, इमारत त्याच्या नावावर चढते.

आणि कधी कधी सर्वांत हास्यास्पद वाटणारी माहिती खरी निघण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. बीडजवळ एका टेकडीवर एक घुमटी आहे. ती महंमद तुघलकाच्या दाताची कबर असल्याचे सांगतात. ऐकणाऱ्याला हे वेड्या महंमदाच्या गोष्टींपैकी एक वाटते. पण फिरिश्ताने तसेच लिहिले आहे: तेलंगणच्या मोहिमेवरून परतताना बीडला सुलतानाचा दात पडला, त्याने तो समारंभाने पुरला आणि वर वास्तू बांधवली. हेमाडपंताची कथा शहाणी वाटते आणि तारखांपुढे टिकत नाही. दाताची कथा खुळी वाटते आणि तिला बखरकाराचा आधार आहे.

जगात इतरत्र हाच खेळ झाला आहे. ग्रीसमधल्या मायसीनीच्या इ. स. पूर्व तेराव्या शतकातल्या भिंतींचे दगड पाहून पुढच्या ग्रीकांनी त्या एकाक्ष राक्षसांच्या नावावर घातल्या. इंग्लंडमधली रोमन सरहद्द-भिंत सम्राट सेव्हेरसची आहे असे शतकानुशतके मानले जाई. ती हेड्रियनची असल्याचे जॉन हॉजसन यांनी १८४० मध्ये पुराव्यानिशी मांडले. या चुका निरागस होत्या. आफ्रिकेतल्या ग्रेट झिंबाब्वेची चूक तशी नव्हती. चुन्याविना रचलेल्या ग्रॅनाइटच्या त्या भव्य भिंती १८७१ मध्ये पाहिल्यावर कार्ल माउख यांनी त्यांचा संबंध शेबाच्या राणीशी जोडला. डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी १९०५ मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये उत्खननाच्या आधारे त्या स्थानिक आफ्रिकी लोकांनीच बांधल्याचे दाखवले. तरी गोऱ्या राजवटीला ते पचले नाही, कारण काळ्या माणसांनी नगर उभारले हे मान्य केले असते तर राज्य करण्याचा आधारच डळमळला असता. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने त्याच भिंतींचे नाव घेतले.

परग्रहवासीयांची उपपत्ती या दुसऱ्या जातीची आहे. महाराष्ट्रात तिचा रोख मुख्यतः वेरूळच्या कैलास लेण्यावर असतो: एवढा डोंगर वरून खाली कोरणे माणसाला शक्य नव्हते, असा तिचा एकमेव युक्तिवाद. वेरूळच्याच परिसरात अर्धवट सोडलेली लेणी आहेत आणि त्यांत छिन्नीचे घाव, कामाचे टप्पे, टाकून दिलेले खांब सगळे पाहता येते. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे ७५६ ते ७७३) याच्या काळात मुख्यतः घडले आणि आवारातले काही भाग नंतरचे आहेत. कर्क राजाच्या बडोद्याच्या ८१२-१३ च्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचे वर्णन येते. विमानांतून जाणाऱ्या देवांना ते माणसाने केलेले वाटत नाही आणि खुद्द शिल्पकारालाही हे आपल्या हातून झाले कसे याचे आश्चर्य वाटते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ‘हे मानवी नव्हे’ ही भाषा बाराशे वर्षे जुनी आहे. फक्त त्या कवीने ती स्तुती म्हणून वापरली आणि शिल्पकाराला वाक्यातून बाहेर काढले नाही.

मराठी परंपरेने तर कारागिराचे नावही सांगितले. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त एलापूरला नवस करणाऱ्या अलजपूरच्या राणीची गोष्ट आहे. राजा बरा झाला तर शिवालय बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा तिचा नवस. शिखर तर सर्वांत शेवटी चढते, त्यामुळे बाकीचे शिल्पी हात टेकतात. पैठणचा कोकस पुढे येतो, आठवड्यात शिखर दाखवतो म्हणतो आणि डोंगर वरून कोरायला घेतो, म्हणजे शिखर आधी तयार होते. राणीचे नाव माणिकावती, म्हणून देवळाला माणिकेश्वर म्हटले. कथेतला आठवड्याचा हिशेब सोडून द्यावा लागतो. पण काम वरून खाली झाले, हे तंत्र तिने अचूक सांगितले आहे. मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांना या कथेची दखल घ्यावीशी वाटली ती त्यामुळेच.

लेख नसेल तिथे भिंतीचा काळ ठरवायला बांधकामाचाच आधार घ्यावा लागतो. चुन्यात बसवलेले दगड आणि खरी कमान दिसली तर काम बहुधा चौदाव्या शतकानंतरचे. गोल, भरीव बुरूज आणि तोफेसाठी ठेवलेल्या रुंद फटी दिसल्या तर पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या अलीकडचे. एकाच तटात खालचे थर बिनचुन्याच्या मोठ्या चिऱ्यांचे आणि वरचे लहान दगडांचे असतील, तर दोन राजवटींचा हात त्यावर फिरला आहे. धर्मापुरीत केदारेश्वराचे चालुक्य वळणाचे देऊळ आहे आणि गावच्या किल्ल्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आढळतात. तिथे ‘ही भिंत कोणाची’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दगड घडवणारे बाराव्या शतकाच्या आसपासचे आणि भिंत रचणारे त्यानंतर काही शतकांचे. मधल्या काळात ते दगड वेगळ्या भिंतीत, वेगळ्या कामासाठी उभे होते.